माझ्या पुस्तकाचं पारायण

माझा स्वभाव हेवेखोर नाही असं मी बरीच वर्षं समजत होतो. मेव्हण्याने घोडबंदर रोडला टेरेसवाला फ्लॅट घेतला, माझ्यामागून कारखान्यात लागलेले लोक माझ्या डोक्यावर साहेब होऊन बसले, तरी मला काही वाटलं नाही. ‘आपल्याकडे पुस्तकं आहेत’ असं मनात म्हणायचं आणि डाळभात खाऊन शांत झोपायचं, हा माझा शिरस्ता. त्यामुळे साठी उलटल्यावर आपल्याच घरात, आपल्याच बायकोचा आणि तिच्या भजनी मंडळाचा हेवा वाटायला लागला, तेव्हा सुरुवातीला मला ती ॲसिडिटी वाटली.

पुस्तकांचं आधी सांगतो. आमचं घर डोंबिवली पूर्वेला, हॉल आणि दोन खोल्या. हॉलची एक अख्खी भिंत माझ्या पुस्तकांची. नोकरीत जन्मभर नटबोल्ट आणि बेअरिंगांची खरेदी केली, पण वाचन गंभीर केलं. वरच्या फळीवर स्त्रीप्रश्न, त्याखाली पर्यावरण, त्याखाली अध्यात्म (भाबडं नव्हे, चिकित्सक) आणि सगळ्यात खाली समाजपरिवर्तन. परिवर्तन खाली ठेवायचं कारण एवढंच की ती पुस्तकं जड असतात. क्रम कुणी बदललेला मला खपत नाही. दर शनिवारी पुस्तकं पुसायची, ती क्रमाने काढून क्रमाने ठेवायची, आणि ओलं फडकं लावायचं नाही, पानं फुगतात. हे सगळं मी लग्न झालं त्या वर्षी बायकोला समजावून सांगितलं होतं. तिने ते इतकी वर्षं पाळलं. पुस्तकांच्या बाबतीत मी भाग्यवान, असं मी चारचौघांत म्हणत असे.

बायकोला वाचनाची आवड नाही, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. कुणी ठरवलं ते आठवत नाही. ती त्याच हॉलमध्ये, त्याच भिंतीसमोर, पहिली ते चौथीच्या मुलांच्या शिकवण्या घेत असे. आवाज खणखणीत. मागच्या बाकावरच्या मुलालाही झोप येऊ नये असा, आणि आमच्याकडे तर बाकही नव्हते. संध्याकाळी मी कामावरून यायचो, चहा व्हायचा, आणि मी तिला नवीन पुस्तकातलं काहीतरी सांगायला लागायचो. घरकामाला श्रम का म्हणत नाहीत. देवराया कशा तुटल्या. स्त्रियांना वेगळा देव लागतो का. ती भाजी चिरत चिरत म्हणायची, “हं.” या एका ‘हं’वर मी पस्तीस-छत्तीस वर्षं काढली. मला दुसरी कुठलीच चैन नको होती. समोर बसून, आपण वाचलेल्या पुस्तकावर आपल्याशी बोलणारं एक घरातलं माणूस हवं होतं. तेवढं मिळालं नाही.

बोलायची भूक मग मी बाहेर भागवली. ठाण्याला टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत माझे एक मित्र राहतात, निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या घरी दर महिन्याच्या एका रविवारी आमचं अभ्यास मंडळ जमतं. नवरात्रात नाक्यावर एवढी गर्दी आणि स्पीकर असतात की तो महिना सुट्टी. एके काळी आम्ही पंधरावीस जण होतो. मग कुणी पुण्याला गेलं, कुणी मुलाकडे अमेरिकेत, काही कायमचेच गेले. आता आम्ही तिघे उरलोय, त्यातल्या एकाला नीट ऐकू येत नाही. तरी विषयाची टिपणं काढून येतो, चर्चा करतो. निदान करत होतो.

खोडी मीच काढली, हे कबूल करतो.

आमच्या सोसायटीतल्या दहाबारा बायकांचं भजनी मंडळ आहे. श्रावणात त्या पोथीचा सप्ताह करतात, म्हणजे सात दिवसांत एक पोथी वाचून पुरी करायची. पोथी तळमजल्यावरच्या आजींची होती, वाचायच्याही त्याच. प्रत्येक अध्याय संपला की पोथी बाजूला ठेवून त्या आपल्या आयुष्यातला एखादा दृष्टांत सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणाच्या तोंडावर मुलगा येऊन आजींना पुण्याला घेऊन गेला. पोथी, टाळ आणि दृष्टांत, सगळंच त्यांच्याबरोबर गेलं. तेव्हा एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्या आता मंडळात वयाने सगळ्यांत मोठ्या उरल्या होत्या, आमच्याकडे आल्या. “भावोजी, तुमच्याकडे एवढी भिंतभर पुस्तकं. त्यातलं एखादं आध्यात्मिक द्या ना. वाचायला तुमच्या घरातलीच आहे, तिचा आवाज चांगलाय.”

माझ्या मनात खट्याळपणा आला. मी वरच्या फळीवरून माझं सगळ्यांत लाडकं पुस्तक काढलं. एका विदुषीचं आहे. बाईमाणसाचे कष्ट, पाणी, जंगल, देवधर्म आणि समाज कसा बदलतो, हे सगळं तिने एकात एक गुंफून लिहिलंय. फार जाड नाही, पण सोपंही नाही. मी ते दोनदा वाचलं होतं, लाल पेन्सिलीने खुणा करून. मुखपृष्ठावर झाडाखाली डोळे मिटून बसलेल्या एका बाईचं चित्र आहे. काकूंनी ते हातात घेऊन लांब धरलं. “साध्वी दिसतेय कुणीतरी,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “हो, त्यातलंच काहीतरी.” पहिल्याच दिवशी दहा पानांत यांचं डोकं भणभणेल आणि पुस्तक परत येईल, अशी माझी खात्री होती. संध्याकाळी ठाण्याला फोन करून मित्राला सांगितलं, तोही पोट धरून हसला.

पहिल्या दिवशी जेवणं आटोपून बायका आमच्या हॉलमध्ये जमल्या. मी आतल्या खोलीत पडदा ओढून पडलो, कान बाहेर. चौरंग मांडल्याचा आवाज आला. समईचा वास आला. पडद्याच्या फटीतून बघतो तर माझं पुस्तक खणाच्या कापडावर ठेवलेलं आणि त्या झाडाखालच्या बाईच्या कपाळाला हळदीकुंकू लावलेलं! मी उठून बायकोला आत बोलावलं. “अगं, हे काय चाललंय? त्या लेखिकेने उभं आयुष्य कर्मकांडाविरुद्ध लिहिलंय!”

“कर्मकांड कुठे करतोय?” ती म्हणाली. “मान देतोय. तुमचा पाय लागला पुस्तकाला तर तुम्ही नमस्कार करता की नाही?”

करतो. मी पडदा पुन्हा ओढून घेतला.

आणि वाचन सुरू झालं. मुखपृष्ठापासून. पुस्तकाचं नाव, लेखिकेचं नाव, आतल्या पानावर पुन्हा दोन्ही. मग प्रकाशक, मुद्रक, छापखान्याचा पत्ता, आवृत्ती, किंमत. पोथीतलं एक अक्षर गाळलं तर दोष लागतो, असा काकूंचा दंडक. “सर्व हक्क लेखिकेच्या स्वाधीन,” बायकोने वाचलं, तेव्हा एक आवाज आला, “ये बेस हाय बाय. सगले हक्क बाईच्या हातान.” हा आवाज मी ओळखला. आमची बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी आहे त्या घरातली ती मोठी सून, माहेर कळव्याचं. सगळ्या हसल्या. मग अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, प्रस्तावना. आणि तळटीपासुद्धा! “तळटीप एक,” बायको म्हणायची आणि ती अख्खी वाचायची, आत असतील नसतील त्या परदेशी नावांसकट, शिकवणीतल्या मुलांना शुद्धलेखन सांगावं तशी स्वच्छ. मी उशीत तोंड खुपसून हसलो. त्या दिवशी मी फार मजेत होतो.

पुस्तक परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी बायका वेळेच्या आधी आल्या. आणि अध्याय संपल्यावर दृष्टांत हवा, तो सांगायला आजी नाहीत, म्हणून काकूंनी फर्मान काढलं की ज्या कुणाच्या घरात यातलं काही घडलं असेल तिने सांगायचं, बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. अध्याय पाण्याचा होता. दुसऱ्या मजल्यावरची एक मुलगी, मुलगी म्हणजे चाळिशीची, पण मला काका म्हणते, ती बोलायला लागली.

“आम्ही आधी तिकडे दिवा स्टेशनला होतो ना, तेव्हा पाणी एक दिवसाआड यायचं, तेपण पहाटे. उठून भरायचे मी. आणि पहिली आंघोळ कोणाची, तर सासऱ्यांची. मग दीर, मग हे. माझ्यापर्यंत बादली यायचीच नाही. कितीदा मी तशीच ऑफिसला गेलेले, डिओ मारून. कोणाला बोलले नाही कधी. लाज वाटायची, की ही आंघोळ करत नाही असं लोक बोलतील.”

मग कळव्याची बोलली. “आमच्या कलव्याला मिठागरां व्हती. माझी आय दिसभर उन्हान मीठ वडायची. पाय फुटायचं तिचं. घरी आली का बाबा इचारायचा, जेवान कवा व्हनार? न् जेवनान मीठ कमी परला का ताट भिरकवायचा.” आणि ती हसली. मग सगळ्याच हसल्या, आणि त्या हसण्यात कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

तो अध्याय मला जवळजवळ पाठ आहे. त्यातली अर्धी वाक्यं मी लाल पेन्सिलीने अधोरेखित केली होती. आमच्या ठाण्याच्या मंडळात मी त्यावर तासभर बोललो होतो आणि प्राध्यापक मित्र म्हणाला होता, ‘उत्तम मांडणी.’ ही दिव्याची मुलगी गेली काही वर्षं संक्रांतीला, चैत्रात आमच्या घरी येते, ‘काका बरे ना?’ म्हणून विचारते. मला तिने काही सांगितलं नव्हतं. माझ्या पुस्तकाला सांगितलं. त्या क्षणी छातीत ती पहिली जळजळ उठली आणि मी उठून अँटासिडची गोळी घेतली.

तिसऱ्या दिवसापासून माझी दुपारची झोप उडाली. बायका आता आवाज खाली आणून बोलायच्या; बायको हसली, रडली, हे कळायचं, पण कशाला ते नीट ऐकू यायचं नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी नेमकी मोक्याच्या वेळी व्हायची. संध्याकाळी बायका गेल्या की मी हॉलमध्ये येऊन बसायचो. आता बोलेल, मग बोलेल. ती समई उचलायची, सतरंजी झटकायची, चहा टाकायची. शेवटी मीच विचारलं.

“काय वाचलंत आज?”

“पाचवा अध्याय.”

“मग?”

“मग काय? वाचला.”

“अगं, पाचव्यात तिने अध्यात्माचा जो मुद्दा काढलाय, की देवाशी बोलायला बाईला मधला माणूस का लागावा…”

“हं,” ती म्हणाली. आणि मग तिने जे केलं ते तिने आमच्या संसारात कधी केलं नव्हतं. तिने मला थांबवलं. “आणि सहाव्यातलं आत्ताच सांगू नका हं. मजा जाते.”

मजा जाते! जणू मालिकेचा पुढचा भाग. पस्तीस वर्षं मी जिच्या कानीकपाळी ओरडत होतो, ती मला सांगत होती की पुढचं सांगू नका. मग बायकांनी काय दृष्टांत सांगितले ते तरी सांग, असं मी जरा पडतं घेऊन म्हटलं. तर ती म्हणाली, मंडळातलं मंडळात राहतं, ते बाहेर सांगायचं नाही असं ठरलंय. बाहेर! माझ्याच हॉलमध्ये बसून, माझंच पुस्तक वाचून, मी बाहेरचा. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते ठीक आहे. इथे माझं पीक माझ्याच ओट्यावर विकलं जात होतं आणि मला भाव विचारायची बंदी होती.

दुसऱ्या दिवशी नेमका आमचा ठाण्याचा रविवार होता. सप्ताहाला रविवार वर्ज्य नसतो, म्हणून मी तो कलकलाट मागे टाकून ठाण्याला गेलो. नेहमीसारखे तिघे जमलो. पुस्तक निसर्ग आणि विकासावरचं होतं. प्राध्यापकांनी ते वाचलं होतं, मी तीन चतुर्थांश, आणि तिसऱ्यांनी वर्तमानपत्रातलं परीक्षण वाचलं होतं. प्राध्यापकांनी प्रास्ताविक केलं. त्यात नेहमीचे सगळे शब्द आले. मी खिडकीतून समोरच्या इमारतीत वाळत घातलेल्या साड्या बघत होतो. एकाएकी मी म्हटलं, “आपण असं करू या का? यातलं काय आपल्या घरात घडतं, ते प्रत्येकाने सांगायचं.”

दोघे माझ्याकडे बघायला लागले. ज्यांना ऐकू येत नाही ते म्हणाले, “काय घडतं?”

“म्हणजे उदाहरणार्थ,” मी म्हटलं, “आपल्या घरात पाणी कोण भरतं? पहिली आंघोळ कुणाची?”

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. “व्यक्तिगत पातळीवर जायचं नाही, हे आपलं पहिल्यापासून ठरलंय,” ते म्हणाले. मग आतून वहिनी पोहे घेऊन आल्या. प्राध्यापक बोलत होते, त्या बशा ठेवत होत्या, आणि मला उगीचच वाटलं की वहिनींना विचारावं. मी विचारलं नाही. पोहे मात्र चांगले होते. परत येताना मी मनात या दोन मंडळांची तुलना करत होतो आणि जितकी करत होतो तितका माझा जळफळाट वाढत होता. आमची बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. तिकडे माझ्या हॉलमध्ये पंगत बसली होती आणि पान मांडलेलं नव्हतं ते फक्त माझं.

शेवटच्या दिवशी मात्र माझं नशीब फळफळलं. सकाळी बायकोने सांगितलं, “आज उद्यापन आहे. पुस्तकाचे यजमान म्हणून तुम्ही बसायचंय, काकूंनी सांगितलंय.” मी वरकरणी म्हटलं, “माझं काय काम तिथे?” आणि आत जाऊन झब्ब्याला इस्त्री केली. दुपारी जेवताना मनातल्या मनात भाषण जुळवलं. लेखिकेची भूमिका, पुस्तकाचं स्थान, आणि शेवटी, स्त्रियांनी स्त्रियांसाठी वाचणं याचं महत्त्व. थोडा विनोद, तळटीपांवरून. फार लांबवायचं नाही.

मला पाटावर बसवलं. काकूंनी गंध लावलं, टोपी-उपरणं दिलं, हातात नारळ दिला. मी घसा साफ केला. तेवढ्यात बायकोने पुस्तक उघडलं आणि म्हणाली, “संदर्भसूची.” पुस्तकात शेवटी असते ती. अख्खी वाचली. मांडी मोडायची सोय नव्हती, नारळ मांडीवर. लेखकाचं नाव, ग्रंथाचं नाव, साल, गाव. बायका हात जोडून ऐकत होत्या. आमच्या मंडळात एकाही माणसाने कुठल्याच पुस्तकाची संदर्भसूची उघडून पाहिलेली नव्हती, आणि मीही त्यातच आलो.

सूची संपली तेव्हा काकू म्हणाल्या, “पोथीला शेवटी फलश्रुती असते, वाचल्याने काय फळ मिळतं ते. या पुस्तकाला ती नाही. तर आपली आपण सांगू.”

दिव्याची मुलगी म्हणाली, “मी आता पहिली आंघोळ करते. झालं.” बायकांनी टाळ्या वाजवल्या.

कळव्याची खाडीचं म्हणाली, “मी घरान सगल्यांना सांगितलाय, गनपतीचा निर्माल्य खारीन टाकाचा नाय. झारांना घालाचा. खारी काय आपली मोरी नाय.”

काकू स्वतः म्हणाल्या, “या वयात मला कसलं फळ? पण आमच्या सासूबाई संध्याकाळ झाली की एवढ्या का चिडायच्या, ते मला आत्ता कळलं. आता कळून काय, सॉरी म्हणायला त्या नाहीत.”

एकेक जण बोलत गेली. मला त्यातल्या प्रत्येकीचा राग येत होता. हो, राग. मी ज्या पानांवर पेन्सिली झिजवल्या त्या पानांतून या बायका पदर भरून काहीतरी नेत होत्या, आणि मी तिथे नारळ घेऊन बसलो होतो. मग काकू माझ्याकडे वळल्या. “आता यजमान. तुम्ही तर दोनदा वाचलंय म्हणे. दोन पारायणांचं फळ सांगा.”

मी लेखिकेच्या भूमिकेपासून सुरुवात करणार होतो. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

“मला तुमचा हेवा वाटतो,” मी म्हटलं. “फळबीळ मला माहीत नाही. पण मी किती वर्षं हिच्याशी या पुस्तकाबद्दल बोलायला बघतोय. ही माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आणि तुमच्याशी सात दिवस बोलतेय. हसतेय, रडतेय. माझं पुस्तक, माझा हॉल, माझी बायको. मला जळायला होतं.”

आधी सगळ्या हसल्या. भावोजी गमतीशीर आहेत, अशा अर्थाचं हसू. मग माझा चेहरा बघून थांबल्या. बायको पुस्तकावर हात ठेवून बसली होती. वाचणारीचं फळ सगळ्यांत शेवटी असतं म्हणून ती थांबली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, बायकांकडे बघून बोलली, पण आवाज तोच, शेवटच्या मुलापर्यंत पोचणारा.

“हे पुस्तक आमच्याकडे आलं तेव्हा आमचा धाकटा मुलगा बालवाडीत होता. तेव्हापासून दर शनिवारी मी ते पुसते. पुसताना या कव्हरवरच्या बाईकडे बघायचे. वाटायचं, कोण असेल ही? एवढी दमलेली. काकू, तुम्हाला ती साध्वी वाटली ना? मला पहिल्या दिवसापासून दमलेलीच वाटत होती. आत काय लिहिलंय ते हे मला सांगायचे. खूप सांगायचे. मी वाट बघायचे की एकदा तरी म्हणतील, घे, वाच. ते कधी म्हणाले नाहीत. ओलं फडकं नको, एवढंच म्हणाले.”

तिने समईची वात सारखी केली, काकूंनी आरती सुरू केली. मी उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या, प्रसादाचा शिरा खाल्ला. शिऱ्यात केळं होतं. बायका जाताना मला वाकून नमस्कार करून गेल्या, यजमान म्हणून, आणि ते मला सहन झालं नाही. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. आपण भाजी चिरायला घ्यावी असं वाटलं, पण भाजी तिने आधीच चिरून ठेवली होती.

पुस्तक परत फळीवर आलं, पण स्त्रीप्रश्नाच्या नाही. अध्यात्माच्या फळीवर, मधेच. कव्हरवर हळदीचा डाग आहे आणि पाचव्या अध्यायावर तेलाचा. मी ते हलवलं नाही. पुढच्या गुरुवारी मंडळ पुन्हा जमणार होतं. बायकोने दुसऱ्या फळीवरून एक पुस्तक स्वतः काढलं, नद्यांवरचं, मला न विचारता. मी काकूंना जिन्यात गाठून विचारलं की मी आता हॉलमध्ये बसलो तर चालेल का. त्या म्हणाल्या, “तुम्ही बसलात तर दृष्टांत कोण सांगेल, भावोजी? आम्हाला पदर सावरत बसावं लागेल.” त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला आणखी राग आला.

मग मला एक युक्ती सुचली. मी बायकोला म्हटलं, पुस्तकं आता मी पुसत जाईन. ती म्हणाली, बरं. फक्त शनिवारच्या ऐवजी गुरुवारी, असं मी म्हटलं. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, बरं.

तर आता गुरुवारी दुपारी बायका सतरंजीवर बसतात आणि मी त्यांच्याकडे पाठ करून भिंतीशी उभा असतो. वरून सुरुवात करतो, एकेक पुस्तक काढतो, पुसतो, ठेवतो. पहिल्यांदा त्या बिचकल्या. काकू म्हणाल्या, “काम करतायत, करू द्या. काम करणाऱ्याकडे कोण बघतं?” थोड्या वेळाने त्या मला विसरल्या. बायको नदीचा अध्याय वाचत होती. मग कुणीतरी आपल्या माहेरच्या नदीबद्दल सांगायला लागलं, कुणीतरी हसलं, आणि मला मागे वळून म्हणायचं होतं की अहो, याच मुद्द्यावर पुढे तिसऱ्या प्रकरणात फार सुंदर लिहिलंय. जीभ टाळूला चिकटवून ठेवली. एक जाडजूड पुस्तक दोनदा पुसलं. हेवा गेलेला नाही. उलट, आता सगळं ऐकू येतं, त्यामुळे वाढलाय.

वाचता वाचता ती मध्येच थांबली. सगळा हॉल थांबला. पान न सोडता, मागे न बघता ती म्हणाली, “अहो, फडकं कोरडं आहे ना?”

मी म्हटलं, “हं.”